घरच्या घरी वीज : लहान डिझेल इंजिनावरील जनित्र

संध्याकाळी दिवे गेले म्हणजे आपण सारेच प्रथम खिडकीशी जातो व शेजाऱ्यांकडे पाहतो. त्यांच्याही घरी अंधार दिसला की जिवाला थोडे बरे वाटते. मग मेणबत्तीचा शोध सुरू होतो. शहरात हा अंधार बहुधा तासा-दोन तासांचा असतो. परंतु आपल्या नात्यागोत्यांतील जी माणसे रानात, समुद्रकाठी किंवा डोंगरपट्टीत राहतात, त्यांना तो किती लांबू शकतो याची कल्पना आपणांस नसते. मणिपुरातील लायसांग या गावी २८ एप्रिल २०१८ रोजी वीज पोहोचली आणि देशातील सर्व वस्तीच्या गावांत वीज गेली असे शासनाने जाहीर केले. तार गावात पोहोचणे ही मोठीच गोष्ट. मात्र त्या तारेतून बाराही महिने वीज वाहणे ही अगदी वेगळी गोष्ट होय.

आमचे मूळ घर श्रीवर्धन तालुक्यात, नारळी-पोफळीच्या वाडीत आहे. मी नोकरीनिमित्त बडोद्यास स्थायिक झालो. वाडी थोरले बंधू सांभाळतात. पावसाळ्यात तेथे आठवड्यातून दोनदा तरी वीज जाई, आणि पंप बंद पडला की घरात पिण्याच्या पाण्याचीही ओढ लागे. म्हणून २०१९ च्या दिवाळीत आम्ही भावाभावांनी एक लहान डिझेल इंजिन घेऊन त्यावर घरच्या घरी जनित्र बसवावयाचे ठरविले. ते कसे बसविले, आणि त्यात आमच्या हातून जी चूक झाली ती कोणती, हे आपणांस सांगावे म्हणून हा लेख.

बाजारात तयार जनित्रसंच मिळतात, मग हा खटाटोप कशाला, असे आपण विचाराल. तयार संच लहान, हलका व पुष्कळ वेगाने फिरणारा असतो. अधूनमधून तासभर चालवावयास तो उत्तम. रोज चार-सहा तास चालवावयाचा असेल तर मात्र सावकाश फिरणारे जड इंजिन परवडते. ते वर्षानुवर्षे टिकते आणि तालुक्याच्या गावचा कोणताही मिस्त्री ते उघडू शकतो. इंग्लंडात ग्लॉस्टरशायरमधील डर्सली या गावी लिस्टर कंपनीने १९३० च्या सुमारास अशा धाटणीचे एक इंजिन काढले. एकच सिलिंडर, दोन्ही बाजूंना दोन मोठी चाके, आणि त्याच्या पुढच्या नमुन्यात मिनिटाला ६५० फेरे व शक्ती सहा अश्वशक्ती. मूळ कारखान्याने ते करणे केव्हाच थांबविले. आमच्या गुजरातेत, राजकोटला, मात्र त्याच नमुन्याची इंजिने लहान लहान कारखान्यांतून पिढ्यान्पिढ्या घडविली गेली आणि आफ्रिकेपासून अमेरिकेपर्यंत जाऊन पोहोचली. महाराष्ट्रात किर्लोस्करांनी १९४६ साली पुण्याजवळ खडकीस ऑइल इंजिनांचा स्वतंत्र कारखाना काढला. त्यांची लहान इंजिने १५०० फेऱ्यांची, म्हणजे अधिक चपळ. ती जनित्राला सरळ जोडता येतात. राजकोटी धाटणीच्या इंजिनास मधे पट्टा लागतो.

आम्हांस मिळाले ते इंजिन जुने होते. एका शेतकऱ्याच्या विहिरीवर त्याने कित्येक वर्षे पाणी ओढले होते; विजेचा पंप बसल्यावर ते गोठ्यात पडून राहिले. जुने इंजिन घेताना रंगाकडे पाहू नये. हँडल घालून ते हळूच फिरवावे. दाबाच्या वेळी चाक अडते व उलट उसळी मारते, तर दट्ट्या आणि झडपा अजून दाब धरून आहेत असे समजावे. फिरविताना इंजेक्टरमधून बारीक ‘क्रीक’ असा आवाज यावयास हवा; तो आला म्हणजे तेल फवाऱ्याच्या रूपाने सुटते आहे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा एकदम इतकी दाबली जाते की तिचे तापमान पाचशे अंशांपलीकडे जाते, आणि त्या तापलेल्या हवेत तेलाचा फवारा आपोआप पेट घेतो. तेव्हा दाब गेला की सारेच गेले. आणि आपण नवे इंजिन घेणार असाल, तर ते सुरू करण्यापूर्वी खालची पेटी उघडून स्वच्छ पुसून घ्या. ओतकामाची वाळू काही वेळा कोपऱ्यांत चिकटून राहिलेली असते, आणि ती तेलात मिसळली की बेअरिंग महिन्याभरात खाते.

आता थोडा हिशेब. सहा अश्वशक्ती म्हणजे साडेचार किलोवॅट. पट्ट्यात काही जाते, जनित्रात बरेच जाते, आणि यंत्र सतत पूर्ण ताणावर ठेवणे शहाणपणाचे नाही. हाती सुमारे तीन किलोवॅट उरतात. एवढ्यात घरातील दिवे, पंखे, शीतकपाट आणि एक अश्वशक्तीचा पंप निभावतो. पाणी तापविण्याचा हीटर निभावत नाही. पंपाची मोटार सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. म्हणून प्रथम पंप लावावा व मग बाकीचे दिवे. हे आमच्या वहिनींनी सर्वांत आधी शिकून घेतले, आणि आम्ही विसरलो तर त्या ओट्यावरून आठवण करून देतात.

जनित्र चार ध्रुवांचे घेतले, तर ५० आवर्तनांची वीज मिळण्यास ते मिनिटाला १५०० वेळा फिरावयास हवे. इंजिन ६५० फेरे फिरते. इंजिनावर सोळा इंची कप्पी आणि जनित्रावर सात इंची घातली म्हणजे वेग १४८५ च्या आसपास येतो. हा झाला भाराखालचा वेग. भार नसताना इंजिन थोडे अधिक धावते, म्हणून गव्हर्नरची स्प्रिंग अशी जुळवावी की रिकाम्या जनित्रावर ५१ ते ५२ आवर्तने दिसतील. भार चढला की ती पन्नासाशी येऊन ठेपतात. आवर्तने मोजणारा मीटर आज स्वस्त मिळतो. कानाने अंदाज करू नये. आमचे बंधू कानावर विसंबले, आणि पहिल्या दिवशी पंख्यांनी वाडीतल्या वाऱ्याशी पैज लावली!

एक उणीव मात्र आधीच सांगून ठेवतो. चार धावांच्या इंजिनात दोन फेऱ्यांत एकदाच स्फोट होतो, म्हणजे ६५० फेऱ्यांस सेकंदाला सव्वापाच-साडेपाच धक्के. तारेच्या जुन्या दिव्याखाली हे धक्के डोळ्यांस स्पष्ट दिसतात. दिवा जणू धाप टाकीत असतो. जड चाकांनी हे कमी होते, पट्टा नीट ताणलेला असला तर आणखी कमी होते, पण अगदी जात नाही. पुस्तक वाचावयाचे असेल तर चांगल्या प्रतीचा एलईडी दिवा लावावा, कारण त्यातील मंडल ही धडधड बरीचशी गिळून टाकते.

पायासाठी इंजिनाच्या वजनाहून अधिक वजनाचे काँक्रीट घालावे. आम्ही दोन फूट खोल खणून पाया घातला आणि दोन आठवडे पाणी मारून पिकू दिला. बंधूंना घाई होती, पण मिस्त्री ऐकेना, आणि त्याचेच खरे होते. थंड करण्यासाठी दोनशे लिटरचे पिंप पुरते. गरम पाणी वरच्या नळीने पिंपात चढते, गार पाणी खालच्या नळीने इंजिनात उतरते. पंपाची गरज नाही. फक्त वरची नळी सदैव पाण्याखाली बुडलेली असावी, नाहीतर हे अभिसरण तुटते. डिझेल तीन किलोवॅटच्या भारावर तासाला लिटरहून थोडे अधिक लागते. टाकी पूर्ण रिकामी होऊ देऊ नये. नळीत हवा शिरली की ती काढता काढता रात्र जाते.

धुराविषयी मी आग्रहाने सांगतो. इंजिन घरात, जिन्याखाली किंवा बंद पडवीत कधीही ठेवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसास तो उठू देत नाही. आमचे इंजिन घरापासून तीस पावलांवर, तीन बाजूंनी उघड्या मांडवात आहे आणि धुराचा नळ वाऱ्याच्या दिशेपासून दूर वळविलेला आहे. पट्ट्यावर लोखंडी जाळी बसविली आहे. पदर, धोतराचा सोगा, मुलांची बोटे यांची पट्ट्यास पर्वा नसते.

एवढे सारे आम्ही जानेवारी २०२० पर्यंत पुरे केले. एकच वस्तू राहिली : चेंजओव्हर स्विच. घराची तार एक तर बाहेरच्या विजेला जोडावयाची, नाहीतर जनित्राला. दोन्हींना एकाच वेळी कधीही नाही, हे काम हा स्विच करतो. तो पुढच्या खेपेस आणू असे मी म्हणालो. तोवर जनित्राची तार पडवीतल्या प्लगात खुपसावयाची आणि मेन स्विच हाताने खाली ओढावयाचा, अशी तात्पुरती सोय केली.

मार्चात टाळेबंदी झाली व मी गावीच अडकलो. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आदळले. वाडीतल्या निम्म्याहून अधिक पोफळी आडव्या झाल्या, खांब मोडले, तारा रस्त्यावर लोळल्या. आमच्याकडे तीन आठवडे वीज आली नाही. त्या काळात हे इंजिन रोज चार तास चाले. शेजारच्या सहा घरांचे पाणी, सगळ्यांचे फोन, आणि एका वृद्ध काकूंच्या इन्सुलिनच्या कुप्या आमच्या शीतकपाटात.

सतराव्या दिवशी सकाळी मी इंजिन लावले. मेन स्विच मी खाली ओढला होता. पुतण्याला वाटले, मागच्या खोलीत दिवा का नाही? त्याने तो वर केला. काही क्षणांत समोरच्या घरातून मुलांचा ओरडा आला, “काका, आली! वीज आली!” त्यांच्या पडवीतला दिवा लागला होता. आम्हीही हसलो. मग रस्त्याच्या वळणावरून एक माणूस दोन्ही हात हलवीत धावत आला. “बंद करा! अहो, वर आमचा माणूस आहे!”

पुढच्या खांबावर वायरमन चढलेला होता. तार अजून त्याच्या हाती यावयाची होती. खाली एका घरात दिवा लागलेला पाहून तो थबकला. आमच्या रोहित्राची तार वादळात तुटली होती, म्हणून वीज तीन-चार खांबांपुरतीच पसरली. ती तार शाबूत असती तर हेच २३० व्होल्ट रोहित्रातून उलटे चढून पलीकडे ११,००० व्होल्ट झाले असते. रोहित्र दोन्ही दिशांनी काम करते, हे मी शाळेत शिकलो होतो.

मी इंजिन बंद केले. तो तरुण खाली उतरला, खांबाशी बसून पाणी प्याला, आणि मला एवढेच म्हणाला, “काका, आम्ही लाइन बंद आहे असं समजून चढतो.” त्याच्या घरी तीन दिवसांपासून कोणी त्याला पाहिले नव्हते, हे मागाहून कळले.

दुसऱ्याच दिवशी बंधू मोटारसायकलने जाऊन चेंजओव्हर स्विच घेऊन आले. आपण बसवाल तेव्हा तो दोन ध्रुवांचा घ्या, म्हणजे फेजबरोबर न्यूट्रलही तोडला जाईल. जनित्राचा न्यूट्रल त्याच्या जागीच जमिनीस जोडा, आणि पुढे ३० मिलिअँपियरचा गळतीरोधक स्विच लावा. न्यूट्रल जमिनीस जोडलेला नसेल तर हा स्विच शोभेचा ठरतो. हे जोडकाम परवानाधारक तारतंत्र्याकडूनच करवून घ्या व आपल्या वीज कार्यालयास तसे कळवा. प्लगातून घरात वीज भरणारी दोन टोकांची तार घरात असेल, तर ती आजच कापून टाका. आमची बंधूंनी कोयत्याने तोडली.

इंजिन आजही आहे. महिन्यातून एका रविवारी पुतण्या ते पंधरा मिनिटे पंपाच्या भारावर चालवितो, कारण भारावाचून चालविलेल्या इंजिनात काजळी साठते. चालविण्याआधी तो रस्त्यावर जाऊन दोन्ही बाजूंचे खांब पाहून येतो. स्विच बसल्यावर त्याची गरज उरलेली नाही असे मी त्याला एकदा म्हणालो. तो ऐकत नाही.