धानाची ट्रॉली रस्त्यावर नेताना

दिवाळीनंतर गोंदिया जिल्ह्यातले ट्रॅक्टर आधारभूत खरेदी केंद्रांकडे आणि राईस मिलकडे धान वाहू लागतात. ४० किलोचे १०० कट्टे म्हणजे ४ टन, ट्रॉलीचं वजन वेगळंच. ओढणारा ट्रॅक्टर मात्र साधारण २ टनांचा. अनेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात, त्यामुळे हा सगळा भार ट्रॅक्टरच्या ब्रेकवर येतो.

सर्वांत जास्त जपायचं ते उतारावर. सालेकसा-दरेकसाच्या डोंगराळ भागात उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाका. डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल करणं जीवघेणं आहे. इंजिनाचा अटकाव सुटला की ट्रॉली मागून ढकलते आणि वळणावर ट्रॅक्टर आडवा होतो. शेतात वळण्यासाठी सुटे ठेवलेले डावे-उजवे ब्रेक पेडल रस्त्यावर येण्यापूर्वी पट्टीने जोडलेच पाहिजेत. नाहीतर एकाच चाकाला ब्रेक लागून ट्रॅक्टर फिरतो. वेग दुप्पट झाला तर ब्रेक लागल्यावर थांबायला सुमारे चौपट अंतर लागतं.

दोन धुऱ्यांच्या ट्रॉलीत कट्टे सगळीकडे सारखे रचा. एका धुऱ्याच्या ट्रॉलीत मागे जास्त भार गेला, तर जोडाचा दांडा वर उचलला जातो आणि ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड कमी होते. जोडाच्या पिनला क्लिप हवी, सोबत सुरक्षा साखळीही.

कोहमारा, देवरीकडून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ५३ वर रात्री ट्रक वेगाने येतात. मागचा दिवा आणि लाल परावर्तक पट्ट्या धूळ पुसून स्वच्छ ठेवा. कट्ट्यांवर माणसं बसवू नका, लहान मुलं तर मुळीच नाही.