लेखांक सातवा : सोयाबीनची सात वर्षं

मागच्या लेखांकात टक्केवारी झाली, आता सांख्यिकी. मध्य, मध्यक आणि बहुलक यांची सूत्रं मुलं घोकतात आणि पेपरात गुण पदरात पाडून घेतात. यातलं कोणतं केव्हा वापरायचं, हे गृहपाठात क्वचितच विचारलं जातं.

किनवट तालुक्यात हा प्रश्न थेट घरात येतो. पैनगंगेकाठची काळी जमीन, इस्लापूर-मांडवीकडचं हलकं डोंगरउताराचं रान, आणि पीक बहुतेक सोयाबीन किंवा कापूस. पीकविम्याची भरपाई सहसा एकेकट्या शेतावर ठरत नाही, महसूल मंडळाच्या सरासरी उत्पादनावर ठरते. त्यामुळे घरी गोंडी, कोलामी, बंजारा किंवा तेलुगू बोलणाऱ्या पोरांच्याही कानावर सरासरी हा शब्द नववीच्या आधीच पडलेला असतो.

म्हणून उदाहरण तिथलंच घेऊ. आकडे सोयीसाठी कल्पिलेले आहेत. एका मंडळात सात वर्षांचं सोयाबीनचं हेक्टरी उत्पादन किलोत असं आहे : १२००, १३५०, ४००, १५००, १२५०, ९००, १३००.

मध्य काढायचा तर बेरीज ७९००, भागिले सात, म्हणजे सुमारे ११२९. मोठ्या बेरजेचा कंटाळा येत असेल तर दहावीत शिकवतात ती गृहीतमध्य पद्धत इथेही चालते. १२०० हा मध्य धरून चालायचं आणि प्रत्येक आकड्याचा फरक लिहायचा : ०, १५०, उणे ८००, ३००, ५०, उणे ३००, १००. फरकांची बेरीज उणे ५००. तिला सातने भागलं की उणे ७१ आणि थोडं. १२०० मध्ये ते मिळवलं की तेच ११२९. गृहीतमध्य १००० धरला तरी उत्तर बदलत नाही. एकदा ताडून पाहिलं की मुलांचा या पद्धतीवर विश्वास बसतो, नाहीतर ती जादूच वाटते.

मध्यकात घोटाळा ठरलेला. आकडे चढत्या क्रमाने न लावताच मधला, म्हणजे चौथा आकडा उचलला जातो. इथे तो १५०० निघेल, म्हणजे सात वर्षांतलं सगळ्यात चांगलं वर्ष! क्रम लावला की ४००, ९००, १२००, १२५०, १३००, १३५०, १५००, मध्यक १२५०. मध्यापेक्षा तो १२१ किलोंनी जास्त आहे, कारण ४०० किलोंचं एक वर्ष मध्याला खाली ओढतं. मध्यकाला त्याचा धक्का बसत नाही : तिथे ४०० ऐवजी शून्य आलं तरी तो १२५०च राहतो. बहुलकाचं इथे काम नाही, एकही आकडा दुसऱ्यांदा आलेला नाही.

२०१६च्या खरिपात सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेने पुढे तिसराच मार्ग धरला. उंबरठा उत्पादन, म्हणजे ज्याच्या खाली पीक गेलं की भरपाई मिळते तो आकडा, काढताना मागच्या सात वर्षांतली सर्वांत चांगली पाच वर्षं घेण्याची रीत आली. ४०० आणि ९०० गाळले की उरलेल्यांची बेरीज ६६००, सरासरी १३२०. जोखीमस्तर ७० टक्के असेल तर उंबरठा या सरासरीच्या ७० टक्के, म्हणजे ९२४ किलो. यंदा मंडळात ७०० किलोच पिकलं तर तूट २२४. तिला ९२४ने भागलं की सुमारे २४ टक्के, आणि विमा संरक्षित रकमेच्या तेवढे टक्के भरपाई. मागच्या लेखांकातली टक्केवारी इथे कामाला येते.

हे ७०० कुठून येतं? मंडळातलं प्रत्येक शेत कुणी तोलत नाही. यादृच्छिक पद्धतीने काही शेतं निवडून त्यातला ठरावीक मापाचा तुकडा कापतात आणि त्याचं उत्पादन मोजतात. या पीक कापणी प्रयोगांची शास्त्रीय घडी भारतात १९४०च्या दशकात बसवणाऱ्यांत सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे अग्रणी होते. पुढे ते रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत गेले. पाठ्यपुस्तकातल्या सांख्यिकीला क्रिकेटच्या धावांपेक्षा हे उदाहरण कितीतरी जास्त शोभतं.

आता वाचकांसाठी गृहपाठ. यंदाचं ७०० किलोंचं वर्ष यादीत घाला, सर्वांत जुनं १२०० काढा, आणि त्याच रीतीने उंबरठा पुन्हा काढा. तो वाढतो की घसरतो, आणि लागोपाठ नापिकी सोसणाऱ्या शेतकऱ्याला ते परवडतं का, हे घरातल्या नववी-दहावीच्या विद्यार्थ्याबरोबर बसून तपासा. उत्तर पुढच्या लेखांकात.