लेटेकमधील त्रुटी : अडवणाऱ्या आणि निसटणाऱ्या

संगणकावर प्रबंध सिद्ध करण्यासाठी लेटेक ही अक्षरजुळणीची प्रणाली स्वीकारणाऱ्या अभ्यासकाला प्रारंभीच त्रुटिसंदेशांना सामोरे जावे लागते. डोनाल्ड नूथ यांच्या १९७८ मधील टेक या प्रणालीवर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० नंतरच्या दशकात लेटेकची उभारणी केली. तीत लेखक मजकुराबरोबर रचनेच्या आज्ञाही लिहितो आणि ती फाइल कंपाइल केली म्हणजे छापील पृष्ठाचे रूप सिद्ध होते. आज्ञेत दोष असल्यास काम अडते. तथापि त्रुटींचे दोन वर्ग वेगळे करणे अगत्याचे आहे : काम अडवणाऱ्या, आणि काम न अडवता मजकुराची हानी करणाऱ्या.

पहिल्या वर्गाविषयी एक तत्त्व ध्यानात ठेवावयास हवे. संदेशातील ओळक्रमांक हा दोष जेथे प्रणालीच्या लक्षात आला त्या स्थळाचा असतो. तो जेथे घडला त्या स्थळाचा असेलच असे नाही. तळटीप मिटवणारा महिरपी कंस राहून गेला, तर प्रणाली तो शोधीत पुढचा सारा मजकूर तळटिपेचाच समजून वाचत जाते आणि फाइल संपल्यावर तक्रार करते. शिवाय एकाच दोषातून अनेक संदेश उद्भवतात. म्हणून पहिलाच संदेश घ्यावा, त्याचे निरसन करावे व पुन्हा कंपाइल करावे. स्थळ सापडत नसल्यास अर्धा मजकूर तात्पुरता वगळून दोष कोणत्या अर्ध्या भागात आहे हे ठरवावे, आणि शोधाचे क्षेत्र असेच निम्मे करीत जावे.

देवनागरीत आणखी एक कारण संभवते. पीडीएफ-लेटेक युनिकोड देवनागरी अक्षरे आपणहून जाणत नाही व अक्षरागणिक तक्रार करते. जोनाथन क्यू यांचे २००४ मधील झीटेक किंवा त्यानंतरचे लुआटेक वापरल्यास ही अडचण दूर होते. मात्र झीटेकमध्ये फाँट निवडताना लिपी देवनागरी असल्याचे सांगितले नाही, तर जोडाक्षरे सुटी पडतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे उमटते. येथे त्रुटिसंदेश येत नाही.

हाच दुसरा वर्ग होय. टक्क्याच्या चिन्हानंतरचा त्या ओळीतील मजकूर लेटेक टिप्पणी समजून वगळते. परिच्छेद एकाच ओळीत टंकलिखित असेल, तर त्याचा उर्वरित भाग छपाईतून निःशब्दपणे नाहीसा होतो. चिन्हापूर्वी बॅकस्लॅश देणे हा त्यावरील उपाय. तसेच फाँटमध्ये नसलेले अक्षर, उदाहरणार्थ रोमन लिप्यंतरातील बिंदुयुक्त अक्षर, रिकामी जागा वा चौकट मागे ठेवते. लॉग फाइलीत ‘मिसिंग कॅरेक्टर’ हे शब्द शोधल्यास अशी स्थळे सापडतात. २०२१ पासून ‘ट्रेसिंगलॉस्टचार्स’ या घटकाचे मूल्य ३ ठेवल्यास ही उणीव थेट त्रुटी म्हणून समोर येते.

पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला हा भेद अपरिचित नाही. हस्तलिखितातील अर्थहीन शब्द वाचकाला थांबवतो. परंतु दोन ओळींचे शेवट सारखे असल्यामुळे लेखनिकाची नजर घसरून मधली ओळ सुटली, तर उरलेला पाठ पुष्कळदा सुसंगतच भासतो. यंत्राने तक्रार केली नाही याचा अर्थ आज्ञा त्याला उमगल्या, एवढाच. मजकूर पूर्ण असल्याची ती ग्वाही नव्हे. म्हणून प्रबंध सादर करण्यापूर्वी छापील प्रत मूळ फाइलीशी ताडून पाहण्याचे काम अभ्यासकालाच करावे लागते.