रोस्ट बेटावरील अकरा पाहुणे

नॉर्वे देशाच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडे भर समुद्रांत लोफोटेन नांवाची बेटांची एक माळ आहे. तिच्या अगदीं टोंकाशीं रोस्ट हें लहानसें सपाट बेट असून तें उत्तर ध्रुववृत्ताच्याही उत्तरेस, सुमारें ६७.५ अंश अक्षांशावर येतें. इतक्या उत्तरेस समुद्र गोठलेला असावयाचा. परंतु अटलांटिक महासागरांतील उष्ण प्रवाह येथवर पोंचतो, म्हणून तो गोठत नाहीं, आणि म्हणूनच तेथें मनुष्यवस्ती टिकली. या बेटावर इ. स. १४३२ सालीं कांहीं परके लोक येऊन राहिले. त्यांची हकीकत वाचकांस सादर करितों.

व्हेनिसचा सरदार व व्यापारी पिएत्रो क्वेरिनी हा इ. स. १४३१ च्या एप्रिलांत ६८ माणसांसह क्रीट बेटाहून फ्लँडर्सकडे निघाला. गलबत मद्याचीं पिंपें व मसाल्याचे जिन्नस यांनीं भरलेलें होतें. वाटेंत वादळांनीं सुकाणू मोडलें आणि डिसेंबरांत गलबत सोडून सर्वांस दोन होड्यांत उतरावें लागलें. लहान होडींत २१ जण होते. ती पुन्हां कोणाच्या दृष्टीस पडली नाहीं. मोठ्या होडींतील ४७ जणांपैकीं बहुतेक थंडीनें व तहानेनें मेले. जानेवारीच्या आरंभीं रोस्टजवळच्या एका ओसाड बेटावर १६ जण जिवंत उतरले. शिंपल्यांतील जीव आणि लाटांनीं काठावर टाकलेला एक मोठा मासा, एवढ्यावर त्यांनीं दिवस काढले. अखेर अकरा उरले.

रोस्टच्या एका कोळ्याचीं वासरें हरवलीं होतीं. तीं शोधण्यासाठीं त्याचे मुलगे त्या ओसाड बेटाकडे आले असतां त्यांस धूर दिसला. एकमेकांची भाषा कोणासच कळेना! परंतु रोस्टचा धर्मोपदेशक जर्मन होता व त्यास लॅटिन येत होतें. त्याच्याकरवीं गांवास सर्व वृत्तांत समजला आणि लोक अन्न घेऊन होड्यांनीं धांवले. क्वेरिनीस एका कोळ्याच्या घरीं नेलें, तेव्हां त्या सरदारानें गृहिणीपुढें गुडघे टेकले. तिनें त्यास उठवून विस्तवाशीं बसविलें व दूध प्यावयास दिलें.

बेटावर सारीं मिळून १२० माणसें. घरें लांकडाचीं व वाटोळीं. उजेडास छपरांत एकच भोंक, आणि थंडींत त्यावर माशाचें कातडें ताणून बसवीत, म्हणजे प्रकाश येई पण वारा येत नसे. धान्य तेथें पिकत नसे. थोडीं गुरें सोडलीं तर सर्व निर्वाह माशांवर. त्यांतही कॉड मासा मुख्य. तो दर हिवाळ्यांत अंडीं घालण्यासाठीं उत्तरेकडील समुद्रांतून लोफोटेनजवळ येतो. मासे साफ करून उघड्या वाऱ्यांत वाळवीत. मीठ मुळींच लावीत नसत. आमच्या कोळीवाड्यांत बांबूंवर टांगलेले बोंबील ज्यांनीं पाहिले आहेत त्यांस यांत नवल वाटणार नाहीं. फरक इतकाच, कीं बोंबील उन्हानें झटपट वाळतो, आणि रोस्टचा मासा थंडीनें टिकतो. तेथील हिवाळाअखेरची हवा फार गोठविणारी नसते व कुजूं देणारीही नसते, माशाही नसतात. दोनतीन महिन्यांत त्याचें वजन सुमारें एकपंचमांश उरतें व तो लांकडासारखा कठीण होतो. जेवणाच्या वेळीं तो कुऱ्हाडीच्या पाठीनें ठेंचून, तंतु सुटे करून, लोणी लावून खात. हाच त्यांचा पैसा! तो बर्गेन बंदरीं नेऊन ते कापड व धान्य आणीत.

क्वेरिनीस त्या लोकांच्या निष्कपटपणाचें फार आश्चर्य वाटलें. घरधनी, त्याच्या मुली व परके खलाशी एकाच खोलींत निजत. कोणाच्याही मनांत संशय येत नसे. कोणी कांहीं कुलुपांत ठेवीत नसे. रानहंसदेखील घराच्या भिंतीलगत घरटें करीत. गृहिणी जवळ गेली कीं पक्षी सावकाश बाजूस होई, ती अंडीं उचली, आणि तो पुन्हां येऊन बसे. आपण स्वर्गांतच वावरत आहों असें त्यास वाटे. मरणाच्या दारांतून आलेल्या माणसाची ही नजर आहे हें विसरूं नये. तरी इतक्या बारकाईनें पाहणारा मनुष्य केवळ कल्पनेनें लिहीत नसतो.

येथेंच लेखणी ठेवणें सोपें होतें. परंतु क्वेरिनीनें पुढचा प्रसंगही लपविलेला नाहीं, म्हणून आम्हीही लपवीत नाहीं. निघण्याच्या वेळीं धर्मोपदेशकाच्या सल्ल्यानें पाहुण्यांच्या राहण्याजेवण्याचे पैसे मागण्यांत आले. रोकड नव्हती, म्हणून पाहुण्यांनीं जवळचे चांदीचे पेले, कांटे व चमचे दिले. त्यांतील बराच भाग धर्मोपदेशकानेंच ठेवून घेतल्याबद्दल क्वेरिनी कडवटपणें लिहितो. इकडे तेथील अधिकाऱ्याच्या पत्नीच्या कानीं आलें, कीं पाहुण्यांस नीट वागविलें नाहीं. तिनें त्यांस सुके मासे व भाकऱ्या पाठवून, तुमची भरपाई करवीन, असा निरोप दिला. पाहुण्यांनीं मात्र यजमानांविरुद्ध एक शब्दही काढला नाहीं. उलट त्यांचे गुणच गाइले. क्वेरिनीनें आपल्याजवळची अंबराच्या मण्यांची माळ तिला भेट धाडली. आम्हांस वाटतें, पैसे मागणारा कोळीही सर्वस्वीं दोषी नव्हता. ज्या घरीं धान्य बर्गेनहून यावयाचें, तेथें तीन महिन्यांहून अधिक काळ परक्यांचीं पोटें भरणें ही लहान गोष्ट नव्हे.

१५ मे १४३२ रोजीं सुके मासे बर्गेनकडे नेणाऱ्या होडींतून ते निघाले. पुढें जमिनीनें स्वीडनमधून वाट काढीत क्वेरिनी अखेर व्हेनिसला पोंचला. त्याचा वृत्तांत रामुझिओ यानें आपल्या प्रवासवर्णनांच्या संग्रहांत इ. स. १५५९ मध्यें छापला. रोस्टचा सुका मासा इटलींत आजही आवडीनें खातात. तो क्वेरिनीनेंच प्रथम आणला, असें तेथील लोक सांगतात. ज्या ओसाड बेटावर अकरा जण सांपडले, तेथें या घटनेस ५०० वर्षें झालीं तेव्हां, इ. स. १९३२ सालीं, एक स्मारकशिला उभारण्यांत आली.