पंच आउट करून थेट शाळेत!

तुमच्या डेस्कवर रोज चहा आणून ठेवणारा तो मुलगा सहानंतर कुठे जातो, कधी विचारलंय? कदाचित उत्तर येईल, शाळेत. चमकलात ना? मीही चमकले. आणि मग मध्य मुंबईतल्या एका छोट्याशा रात्रशाळेत चक्क शेवटच्या बाकावर जाऊन बसले.

वेळ साडेसहा ते साडेनऊ. इमारत दिवसाच्या शाळेची. अनुदान सरकारचं, बोर्ड तेच, दहावीचा पेपरही तोच. पब्लिक मात्र एकदम हटके! सोळा वर्षांच्या कुरिअरवाल्याशेजारी तिशीतला सिक्युरिटी गार्ड. मागे कँटीन आणि हाउसकीपिंगची गँग. मुली मोजक्याच. पुढच्या बाकावर धुणीभांडी आटपून आलेल्या एक ताई. त्यांचा मुलगाही दहावीतच, पण दिवसाच्या शाळेत. घरी पुस्तकांचा एकच सेट, तो दोघांत शेअर!

हा फंडा नवा नाही हं. जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी 1855 मध्ये पुण्यात स्वतःच्या घरी कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली होती. मुंबईत पुढे या बाकांवर गिरणी कामगार बसले. 1982 च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, त्या जागी टॉवर आणि मॉल आले. रात्रशाळेचा विद्यार्थीही साच्यावरून उठून आपल्या ऑफिसात आला.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने मोफत शिक्षणाची हमी दिली ती 6 ते 14 वयाला. कमावण्यासाठी शाळा सुटते ती बरेचदा त्यानंतर, नववी-दहावीत. तिथे रात्रशाळा उपयोगी पडते. 2008 मध्ये सुरू झालेल्या 'मासूम' संस्थेने अशा शाळांना खाऊ, पुस्तकं, प्रयोगाचं साहित्य पुरवायला घेतलं, कारण दिवसभर राबून आलेल्या पोटाला आधी भूक लागते, मग बीजगणित सुचतं.

मी गेले त्या दिवशी पहिल्या तासाला निम्मे बाक रिकामे होते. पोरं धापा टाकत येत होती. कारण विचारलं, तर बहुतेकांचं एकच: निघता निघता ऑफिसातून कुणीतरी 'एवढं झेरॉक्स करून जा' म्हटलं. आपली दहा मिनिटं; त्यांची लोकल चुकते आणि गणिताचा तास बुडतो.

तेव्हा बॉस, एक करा. तुमच्या ऑफिसात असा कुणी असेल तर मार्चच्या परीक्षेपर्यंत त्याला सहाच्या ठोक्याला सोडा. झेरॉक्स काय, आपल्यालाही काढता येतं!