पांढरीचे वाचन

जुन्या गावगाड्यात पिकाची जमीन ती ‘काळी’ आणि वस्तीची ती ‘पांढरी’. मातीच्या भिंती कोसळल्या, त्यांवर राख-शेण साचले, पुन्हा घरे उठली. नदीकाठची पांढुरकी टेकाडे अशीच वाढली. घोड नदीवरच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले, तेव्हा तीन हजार वर्षांहून जुनी घरे, पाण्याचा पाट आणि बांधही सापडला.

अशी जागा ओळखायला कुदळ लागत नाही. मी पहिल्या पावसानंतर जातो, कारण तेव्हा खापरे धुऊन उघडी पडलेली असतात. लाल अंगावर काळी नक्षी आणि खणखणीत आवाज, ही जोर्वे खापराची खूण. खापरे कुठे दाट, कुठे विरळ हे पावलांनी मोजून नकाशावर मांडले की वस्तीचा पसारा कळतो. ओढ्याने कापलेल्या कडेत थर दिसतात. खापर मी जागचे हलवत नाही; हलले की त्याची साक्ष संपते.

ही माती शेताला खत म्हणून पूर्वीपासून जाते आणि पीकही चांगले येते, म्हणून शेतकऱ्याला दोष देववत नाही. पण पूर्वी बैलगाडी होती, आता जेसीबी आहे. टेकाड संपण्याआधी निदान त्याचा नकाशा व्हावा, आणि त्याची एक प्रत ग्रामपंचायतीत राहावी.