मज्जापेशींमधील फट

तापलेल्या तव्याला चुकून बोट लागते आणि ‘भाजले’ हे कळण्याच्या आतच हात मागे येतो. हा हुकूम कोणी दिला? मेंदूने नव्हे, पाठीच्या कण्यातील पृष्ठरज्जूने तो परस्पर दिला. मेंदूला वर्दी पोहोचते ती नंतर. या कारभाराची थोडी ओळख विद्यार्थिमित्रांस करून द्यावी, असा आमचा मानस आहे.

मेंदू व पृष्ठरज्जू मिळून मध्यवर्ती मज्जासंस्था होते. प्रौढ माणसाच्या मेंदूचे वजन सुमारे १३०० ते १४०० ग्रॅम असते. मोठा मेंदू हे विचार व स्मरण यांचे स्थान होय. लहान मेंदू तोल व हालचालींचा मेळ सांभाळतो, तर लंबमज्जा श्वासोच्छ्वास व हृदयाचे ठोके यांवर देखरेख ठेवते. मेंदूशी मज्जातंतूंच्या १२ व पृष्ठरज्जूशी ३१ जोड्या जोडलेल्या असतात. त्यांच्या शाखा सर्व शरीरभर पसरतात. ही परिघीय मज्जासंस्था होय.

या साऱ्याचा मूळ घटक म्हणजे मज्जापेशी. तिच्या देहातून झाडाच्या फांद्यांसारख्या वृक्षिका निघतात. त्या संदेश घेतात. एक लांब अक्षतंतू तो संदेश पुढे नेतो. कण्यापासून पायाच्या पंजाकडे जाणारा अक्षतंतू सुमारे एक मीटर लांब असतो! कामावरून या पेशींचे तीन प्रकार होतात : वार्ता आत आणणाऱ्या संवेदक, स्नायूंकडे आज्ञा नेणाऱ्या प्रेरक आणि त्या दोहोंना जोडणाऱ्या मध्यस्थ. तव्याच्या प्रसंगी तिघींनीही काम केले. माणसाच्या मेंदूत अशा सुमारे ८,६०० कोटी पेशी आहेत, असे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत आढळले.

त्यांच्या सोबतीला जवळजवळ तितक्याच आधारपेशी असतात. ताऱ्याच्या आकाराच्या पेशी मज्जापेशींचे पोषण सांभाळतात, काही अक्षतंतूंभोवती स्निग्ध वेष्टन गुंडाळतात, तर काही केरकचरा व रोगजंतू गिळून टाकतात. वेष्टन असलेल्या जाड तंतूतून संदेश सेकंदाला सुमारे १०० मीटर धावतो. वेष्टन नसलेल्या बारीक तंतूतून जेमतेम एक मीटर.

आता प्रश्न असा की, या पेशी एकमेकींत मिसळलेल्या आहेत की विलग? १८७३ साली इटलीतील कामिल्लो गॉल्जी यांनी सिल्व्हर नायट्रेटच्या साहाय्याने मज्जापेशी रंगविण्याची रीत प्रसिद्ध केली. तिने मोजक्याच पेशी काळ्या होत. पण ज्या होत त्या शेंड्यापासून बुडख्यापर्यंत दिसत. गॉल्जींना वाटले, हे एक अखंड जाळे आहे. १८८८ साली स्पेनमध्ये सांतियागो रामोन ई काहाल यांनी तीच रीत सुधारून पक्ष्यांचा लहान मेंदू तपासला. काहाल यांना बालपणी चित्रकार व्हायचे होते. वडिलांनी त्यांस वैद्यकाकडे वळविले. तो चित्रकाराचा हात येथे कामी आला. दिसेल ते रेखाटताना त्यांना आढळले की, तंतूचे टोक दुसऱ्या पेशीजवळ येऊन संपते. तिच्यात मिसळत नाही.

१९०६ चे नोबेल पारितोषिक दोघांना विभागून मिळाले, आणि तेथील व्याख्यानातही गॉल्जींनी काहालांच्या मताला विरोधच केला. दोघेही निवर्तल्यावर, १९५० नंतरच्या दशकात, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने निकाल दिला : पेशींमध्ये खरोखरच फट आहे, सुमारे मिलिमीटरच्या पन्नास हजाराव्या भागाएवढी. काहालांचे रेखाटन खरे ठरले.

बहुतेक ठिकाणी विजेचा संदेश या फटीपाशी थांबतो. तेथे रासायनिक द्रव्य स्रवते व पलीकडच्या पेशीला जागे करते. वारंवार सरावाने ही देवघेव बळकट होते. शिकण्याचा व स्मरणाचा पाया यातच आहे, असे शास्त्रज्ञ मानतात. म्हणून पाढ्यांच्या उजळणीचा कंटाळा येईल तेव्हा या इवल्या फटीची आठवण ठेवावी. आपण करतो ते काम तेथे पोहोचत असते.